समितीत थबकलेली विधेयके

आमगाव हा गोंदिया जिल्ह्यातील, राज्याच्या पूर्व सीमेजवळचा तालुका. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या आमगाव मतदारसंघातून एक प्रतिनिधी विधानसभेवर निवडून जातो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदे होतात, हे येथील मतदारास ठाऊक असते. परंतु मांडलेले विधेयक कायदा न होताच कसे संपुष्टात येते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

समितीचे प्रयोजन

विधेयकाची कलमवार छाननी भर सभागृहात होणे कठीण असते. म्हणून ते समितीकडे सोपविले जाते. समिती तज्ज्ञांची व जनतेची मते मागविते आणि दुरुस्त्या सुचविते. ही पद्धती हितावहच आहे. मात्र छाननी लांबली, तर तीच विधेयकाच्या मार्गातील अडसर ठरते.

घटनेतील तरतूद

राज्यघटनेच्या कलम १९६ अन्वये अधिवेशन संस्थगित झाल्याने विधेयक व्यपगत होत नाही. परंतु विधानसभेने संमत केलेले विधेयक विधान परिषदेत प्रलंबित असता विधानसभा विसर्जित झाली, तर ते व्यपगत होते.

आठ वर्षांचा प्रवास

जादूटोणाविरोधी विधेयक विधानसभेने डिसेंबर २००५ मध्ये संमत केले. पुढे ते परिषदेत व समितीच्या विचारात अडकले आणि २००९ मध्ये विधानसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. परिषदेने तीन महिन्यांत विधेयक संमत न केल्यास विधानसभेला ते पुन्हा संमत करता येते. त्यानंतर परिषदेस केवळ एक महिना मिळतो. कलम १९७ चा हा उपाय उपलब्ध असूनही उपयोगात आला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर अधिवेशनात कायदा संमत झाला.

नियमांचे सामर्थ्य

कलम २०८ अन्वये प्रत्येक सभागृह आपले कामकाजाचे नियम स्वतः करू शकते व बदलू शकते. लोकसभेच्या नियमांनुसार मुदत ठरवून दिलेली नसल्यास समितीने तीन महिन्यांत अहवाल सादर करावयाचा असतो. मात्र सभागृह ती मुदत वाढवू शकते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात विधेयक समितीकडे तीस कामकाजी दिवस राहिल्यावर ४३५ पैकी २१८ सदस्यांच्या स्वाक्षऱ्यांनी ते समितीकडून काढून सभागृहापुढे आणता येते. १९३८ चा किमान वेतनाचा कायदा या मार्गाने पुढे सरकला. पूर्वी स्वाक्षऱ्या गुप्त असत. १९९३ च्या नियमबदलाने त्या जाहीर झाल्या. त्यामुळे कोणत्या सदस्याने स्वाक्षरी केली व कोणी केली नाही, हे मतदारास कळू लागले.

मतदाराचे कर्तव्य

घाईने केलेला कायदा सदोष ठरण्याची भीती असते, हे खरे. तथापि निर्णयच न होणे हाही एक निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी कोणावरही येत नाही. म्हणूनच विधेयक कोणत्या समितीकडे आहे, तिची मुदत केव्हा संपते व मुदतवाढ कोणत्या कारणास्तव दिली गेली, हे तीन प्रश्न आमगावच्या मतदाराने आपल्या प्रतिनिधीस अवश्य विचारावेत.