कराटेचा ड्रेस घेताय? आधी हा हिशेब बघा

जूनमध्ये शाळा उघडल्या की कराटेचे क्लासही सुरू होतात आणि बऱ्याचदा फीबरोबरच ड्रेसचे पैसे मागितले जातात. रेवदंडा, चौल, नागाव या पट्ट्यातल्या पालकांना माझं पहिलं सांगणं असं की, महिनाभर ड्रेस घेऊच नका. ठोसा कसा मारायचा, पाय कसे रोवायचे हे ट्रॅक पँट आणि टी-शर्टवरही शिकता येतं. मुलाला गोडी लागली की नाही हे तेवढ्यात कळतं. क्लासच्या सरांशी आधी मोकळेपणाने बोला. समजूतदार सर नाही म्हणत नाहीत.

पैसे काढण्याआधी एक गोष्ट पक्की करा: क्लास कराटेचा आहे की ज्यूडोचा? दोन्ही ड्रेस लांबून सारखे दिसतात, कारण कराटेचा पोशाख ज्यूडोवरूनच आला. गिचिन फुनाकोशी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोत कराटे दाखवायला आले, तेव्हा जिगोरो कानो यांचं ज्यूडो तिथे चांगलं रुजलेलं होतं आणि त्याचाच पांढरा पोशाख कराटेने हलका करून घेतला. ज्यूडोत प्रतिस्पर्ध्याची कॉलर आणि बाही धरून खेचतात, म्हणून त्याचं कापड जाड, दाणेदार विणीचं असतं. कराटेचा ड्रेस घालून ज्यूडोला गेलात तर तो खांद्यातून उसवणारच. उलट ज्यूडोचा ड्रेस घालून कराटे करणं म्हणजे ओलं घोंगडं अंगावर घेऊन धावणं.

आता भाव. हे आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक बदलतात. टेरिकॉटचा साधा ड्रेस लहान मुलांच्या मापात, पांढऱ्या बेल्टसह, साधारण ६०० ते १,००० रुपयांत मिळतो. सुती, थोडा जाड ड्रेस १,००० ते १,८०० पर्यंत जातो. जड कॅनव्हासचा २,५०० ते ४,५०० आणि आंतरराष्ट्रीय मान्यतेचा परदेशी ब्रँड ५,००० च्या पुढे. ज्यूडोचा साधा ड्रेस दीड ते तीन हजारांच्या घरात पडतो. पुढचे रंगीत बेल्ट प्रत्येकी १०० ते २५० रुपये. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला १८ टक्के.

लेबलवर ‘८ औंस’, ‘१४ औंस’ असं लिहिलेलं असतं. ते एका चौरस यार्ड कापडाचं वजन. ८ औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७० ग्रॅम, १४ औंस म्हणजे सुमारे ४७५. जड कापडाचा ठोशाबरोबर फटकन आवाज येतो, व्हिडिओत तो ऐकून मुलं हट्ट धरतात. पण आपल्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर. जुलैत जाड कॅनव्हास दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर राहिला की बुरशी धरते. ती आधी दिसते कॉलरवर, जिथे कापडाचे चार पदर एकावर एक शिवलेले असतात: बारीक काळे ठिपके, धुऊन न जाणारे. म्हणून एका जड ड्रेसच्या पैशांत ८ औंसाचे दोन हलके घ्यावेत. एक अंगावर, एक दोरीवर.

दुकानात ड्रेस नुसता अंगाला लावून बघू नका, मुलाला घालायला लावा. पाय छातीपर्यंत उचलायला सांगा, मग उकिडवं बसवा. जांघेत जादा कापडाचा तुकडा जोडलेला नसेल तर विजार तिथेच ताणते, आणि पहिली उसवते तीही तिथेच. गुडघ्याची शिलाई दुहेरी आहे का, बंद कापडात नीट गुंतवून शिवलेत का, तेही ओढून पाहा. जपानी मापं उंचीवर असतात: १४० सेंटीमीटरला १ नंबर, १५० ला २, असं दहा-दहाने पुढे. शुद्ध सुती असेल तर एक माप मोठं घ्या, धुतल्यावर आटतं. लांब विजार न कापता आतून दुमडून शिंप्याकडून लांब टाके मारून घ्या. पोर वाढलं की उसवता येते.

स्पर्धेत उतरायचं असेल तर मात्र मापाला फार महत्त्व. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांप्रमाणे वरचा भाग कमरेखाली नितंब झाकणारा हवा, बाही मनगटापुढे नको आणि कोपर-मनगटाच्या मध्याच्या वरही नको, विजारीने नडगीचा किमान दोन-तृतीयांश भाग झाकायला हवा. बाह्या वर गुंडाळलेल्या चालत नाहीत. मुलींना आत पांढरा साधा टी-शर्ट घालता येतो. अलिबागला जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेला जाण्याआधी कोणता नियम लावणार हे सरांना विचारून घ्या. त्यासाठी परदेशी ब्रँड लागतोच असं कुणी सांगितलं, तर तो नियम दाखवायला सांगा.

कुठे घ्यायचा? अलिबागला मिळाला तर तिथेच, कारण माप चुकलं तर एसटीने पुन्हा जाता येतं. मुंबईत धोबी तलावला निवड मोठी आहे, पण फक्त ड्रेससाठी गेलात तर वाचलेले पैसे प्रवासातच जातात. क्लासकडूनच घ्यायचा असेल तर ड्रेस, बेल्ट आणि बिल्ला यांची किंमत वेगवेगळी लिहून मागा.

धुलाईचं थोडक्यात: क्लासहून आल्यावर ड्रेस पिशवीत कोंबून ठेवू नका, लगेच पिळून उलटा वाळत घाला. ब्लीच टाळा, त्याने सुती धागा कमजोर होतो. रंगीत बेल्ट वेगळा धुवा.

आणि पावती मागायला संकोचू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर दिलेली नसेल, तर ३० दिवसांत तो परत घेणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. कुणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.