पाऊण वाजता पाणी येतं

माझी भाची जर्मनीत शिकते. गेल्या सुट्टीत सिडकोतल्या आमच्या घरी आली होती. जेवता जेवता म्हणाली, "मामा, ऑगस्टमध्ये आम्ही तिघी मैत्रिणी पोर्तुगालला चाललोय. गाड्यांना हात दाखवत जायचं आणि समुद्राकाठी तंबू ठोकून राहायचं. हॉटेलचा खर्चच नाही." तिची आई माझ्याकडे बघायला लागली. मी नको म्हणावं अशी तिची इच्छा होती. मला ते म्हणता येईना. भाचीच्या वयाचा असताना मी हेच केलं होतं, आणि त्याचं काय झालं हे घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रात्री गच्चीवर तिला सगळं सांगितलं.

डिसेंबर २०११. मी आणि माझा मित्र, दोघंही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तेव्हाच्या औरंगाबादेत. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, नाहीतर विहीर. आजोळी पाठीला डबा बांधून मी विहिरीत पोहायला शिकलो होतो, म्हणून आपल्याला पाणी कळतं असं वाटायचं. घरी सांगितलं, नगरला मित्राकडे अभ्यासाला चाललोय. पुढे जे झालं त्यात सगळ्यात महाग ही थाप पडली.

२४ तारखेला पहाटे वाळूजजवळच्या पंढरपूरला रस्त्यावर उभे राहिलो. एमआयडीसीतून माल भरून निघालेल्या ट्रकवाल्या काकांनी थेट पुण्यापर्यंत नेलं. सुप्याजवळ धाब्यावर पोहे खाऊ घातले आणि पैसे घेतले नाहीत. आजही मला ते आठवतात. पण पहिली लिफ्ट अशी मिळाली की माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाटातून एका पिकअपने माणगाव गाठलं. तिथे दुपारी एक पांढरी कार आपणहून थांबली. पुढे दोघं जण. "श्रीवर्धन ना? बसा की. सॅक डिकीत टाका." आपणहून थांबलेली गाडी, आणि आमच्या आधी त्यांनीच घेतलेलं गावाचं नाव. तिथेच खटकायला हवं होतं. माझी सॅक डिकीत गेली. मित्राची, तंबूमुळे फुगलेली, मावेना म्हणून त्याने पायाशी ठेवली. म्हसळ्याच्या अलीकडे एका टपरीशी त्यांनी गाडी थांबवली आणि पाण्याच्या बाटल्या आणायला सांगितल्या. मी टपरीकडे गेलो. मित्राला सॅक सोडून जायची सवय नव्हती, तो ती पाठीला लावूनच पाय मोकळे करायला उतरला. मी बाटल्या घेऊन वळलो तोवर गाडी निघून गेली होती. माझे पैसे, टॉर्च, चार्जर, कॉलेजचं ओळखपत्र, सगळं गेलं. टपरीवाल्याने नंबर विचारला. पांढरी गाडी, एवढंच सांगता आलं.

त्याने पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवला. आम्ही गेलो नाही, कारण पोलिसांनी घरी फोन केला असता. खिशातल्या सुट्ट्या पैशांत एसटीने किनाऱ्यावरच्या एका गावी सहाच्या सुमारास पोचलो. वस्तीत जाऊन कुणालाही सांगितलं असतं तर ओटीवर झोपायला मिळालं असतं. लाज वाटली. सरळ पुळणीवर गेलो. समुद्र पार लांब गेला होता. वाळू मऊ, सपाट, अंथरूण घातल्यासारखी. खांद्यावर जाळं घेतलेले एक आजोबा चालले होते. त्यांनी विचारलं, "इथं झोपणार काय?" आम्ही म्हणालो, "नाही, जरा बसलोय." ही आणखी एक थाप. ते गेल्यावर तिथेच तंबू ठोकला.

मध्यरात्री पाय गार लागले. मला वाटलं दव आहे. मग पाठीखालची सतरंजीच उचलली गेली. मी तंबूच्या चेनकडे झेपावलो. दातांत वाळू बसली होती, चेन वीतभर उघडली आणि अडकली. पुढच्या लाटेने काठ्या मोडल्या आणि ओलं कापड तोंडावर आलं. श्वास घेतला की कापड नाकातोंडाला चिकटायचं. बाहेर काळाकुट्ट अंधार, मित्र माझं नाव घेऊन ओरडतोय आणि दोघांकडे चाकू नाही. विहिरीतल्या पोहण्याचा त्या गुंडाळीत काय उपयोग? तेवढ्यात कापडावर उजेड पडला. तेच आजोबा, नातवाला घेऊन होडी वर ओढायला आले होते. त्यांनी कोयत्याने तंबू फाडला आणि आम्हा दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यांच्या ओटीवर कोरा चहा घेताना ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिथी बघितली नाय? आज प्रतिपदा. तिथीची पाऊणपट करायची. एकाला पाऊण. पाऊण वाजता भरती." आपल्या किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, तिथी शुद्ध असो की वद्य. वेळ अंदाजाची, पण कामाची. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे आम्ही तंबू ठोकला तो बरोबर ओहोटीला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून मोठी येते, हेही त्यांनीच सांगितलं. सकाळी त्यांनी वाळूवर नेऊन वाळलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची आणि काटक्यांची एक रेघ दाखवली. पाणी तिथवर येतं. आमचा तंबू त्या रेघेच्या चाळीस पावलं खाली होता. रेघ आदल्या संध्याकाळीही तिथेच होती, आम्हाला दिसली नव्हती एवढंच.

भाचीने विचारलं, "मग आम्ही काय करायचं?"

तिला आधी समुद्राचं सांगितलं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिलला, मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेल्या ८ जणांचा जीव गेला. दोन्ही वेळा मुलं घाटावरची होती, माझ्यासारखी. हे परदेशातही होतं. इंग्लंडच्या मोरकॅम्ब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीने वेढले जाऊन मेले. तेही परमुलखातले, तिथलं पाणी न कळणारे. म्हणून जाशील तिथे तिथलं भरतीचं वेळापत्रक आधी बघ. आपला पाऊणपटीचा हिशोब तिकडे चालणार नाही, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मात्र तिकडेही तेच. तंबू शेवाळाच्या रेघेच्या बराच वर ठोकायचा, कड्याच्या पायथ्याशी किंवा खाडीच्या तोंडाशी कधीच नाही. उशाशी चाकू, टॉर्च, शिट्टी आणि बूट. आणि पोर्तुगालच्या संरक्षित किनाऱ्यांवर उघड्यावर मुक्कामाला बंदी आहे, तेव्हा परवानगी असलेल्या तळावरच राहा. दोन पैसे जातील, पण तिथे शेजारी माणसं असतात.

पोहायचं तर जीवरक्षक असतील तिथेच. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, इथे उतरावं. किनाऱ्यावर आलेलं पाणी नेमकं त्याच वाटेने आत परत जात असतं आणि माणसाला ओढून नेतं. त्यात सापडलीस तर किनाऱ्याकडे झुंजू नकोस, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पड आणि मग वळ. जमत नसेल तर नुसती तरंगत राहा आणि हात वर कर. मैत्रीण बुडताना दिसली तर मागोमाग उडी घ्यायची नाही. तरंगेल ते फेकायचं आणि ओरडायचं. हे ऐकायला कठोर वाटतं, पण एकाला वाचवायला गेलेले बाकीचेही बुडतात.

लिफ्टचं मी तिला स्पष्टच सांगितलं, एकटीने कधीच नाही. ऑस्ट्रेलियात १९८९ ते १९९२ या काळात एकाच माणसाने सात तरुण प्रवाशांना मारलं, त्यांतले बरेचसे लिफ्ट घेणारे होते. त्यांच्यात मुलगे होते, जोडीने फिरणारेही होते, त्यामुळे सोबत आहे म्हणून डोळे मिटून बसू नकोस. पेट्रोल पंपावर, उजेडात, चार माणसांत विचारायचं. आपलं गाव आधी सांगायचं नाही, "तुम्ही कुठवर जाताय?" असं विचारायचं. अंधार पडण्याआधी रस्ता सोडायचा आणि शेवटचा टप्पा बसने किंवा रेल्वेने. गाडीत पुरुष तुमच्याइतके किंवा जास्त असले, दारूचा वास आला किंवा नुसतं मन कचरलं तरी "फोन आलाय" म्हणून मागे सरायचं. कारण खरं असायची गरज नाही. सॅक मांडीवर, पासपोर्ट आणि पैसे अंगावर. बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो गाडीवाल्याच्या देखत काढून आईला पाठव. भला माणूस त्याने दुखावत नाही. मागचं दार आतून उघडतं का ते बसताच बघ. फोनवर मराठीत बोल, पण गाडीचा नंबर आणि गावाचं नाव इंग्रजीत, त्याला ऐकू जाईल असं.

काही बिनसलं तर युरोपात कुठूनही ११२, आपल्याकडेही ११२. आपल्या समुद्रात काही घडलं तर तटरक्षक दलाचा १५५४. वकिलातीचा नंबर फोनबरोबर कागदावरही असू दे. माझ्यासारखी लाजेपोटी पोलिसांत जायचं टाळू नकोस. आणि तंबू ठोकण्याआधी गावातल्या एका तरी माणसाला जाऊन सांग, आज आम्ही तिघी इथे झोपणार आहोत. मी आजोबांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी संध्याकाळीच आम्हाला उठवलं असतं. आमचं नशीब की त्यांची होडी तिथे होती. नसती तर घरच्यांनी आम्हाला नगरमध्ये शोधलं असतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग खाली गेली, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं आणि ऑगस्टचं पान उघडलं. पोर्तुगालच्या नऊ दिवसांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि मधल्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"मामा, ही अमावास्या. या रात्री आणि पुढच्या दोन रात्री आम्ही गावात, खोली घेऊन. आईला खोलीचा पत्ता आजच देते."