मधले आठवडे

कॅन्सरच्या उपचारात सगळ्यात धोक्याचा काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक लोक निदानाचा दिवस सांगतील, नाहीतर शस्त्रक्रियेचा. माझे मत वेगळे आहे. उपचार निम्म्यावर आलेला असतो, रुग्ण आधीपेक्षा जास्त खंगलेला दिसतो, जेवण तुटलेले असते आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणू लागतात, "बास करा आता, चांगला चालत-बोलत होता, दवाखान्यानेच त्याला आडवा केला." खरा धोका या दोन-तीन आठवड्यांत असतो. मराठवाड्यात नेहमी दिसणाऱ्या तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर तो अधिकच, कारण या दोन्ही आजारांत रेडिएशनवर, म्हणजे लोक ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात त्यावर, खूप काही अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. पूर्वी मराठवाड्यातल्या अनेक रुग्णांना मुंबई किंवा बार्शी गाठावी लागे. आता जालना, बीड, परभणी, हिंगोलीची माणसे इथे येतात. दवाखाना जवळ आला हे मोठेच काम झाले. पण दवाखाना गाठणे आणि उपचार पुरा करणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीबद्दल आपण फार कमी बोलतो.

रेडिएशन रोज थोडे थोडे का देतात, हे आधी समजून घ्यायला हवे. किरणांमुळे पेशीच्या आतले डीएनए तुटते. निरोगी पेशी हे नुकसान बऱ्याच अंशी दुरुस्त करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितके जमत नाही. या फरकाचा फायदा घ्यायचा म्हणून आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे लहान लहान मात्रा दिल्या जातात. पण तीन-चार आठवड्यांनंतर एक गोष्ट घडते. ज्या कॅन्सर पेशी अजून जिवंत असतात त्या आधीपेक्षा जास्त वेगाने वाढू लागतात. म्हणून मध्ये पडलेला खंड शेवटी तेवढे दिवस जोडून सहज भरून निघत नाही. डोके-मानेच्या कॅन्सरबद्दलच्या अभ्यासांचा साधारण निष्कर्ष असा की ठरल्यापेक्षा लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने, कधी त्याहून थोडी जास्त घटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून दिलेले रेडिएशन आणि नंतरचे आतून दिलेले, दोन्ही मिळून आठ आठवड्यांत संपवावे असा दंडक आहे. घरात लग्न आहे म्हणून, दिवाळी आहे म्हणून, 'थोडी ताकद येऊ द्या' म्हणून घेतलेल्या दहा दिवसांच्या सुट्टीची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती त्या वेळी कोणालाच दिसत नाही.

दिसतो तो त्रास. त्याचेही कारण साधे आहे. तोंडाच्या आतले अस्तर सतत नवे होत असते, त्यामुळे किरणांचा मार त्यालाही बसतो. सुरुवात मात्र फसवी असते. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची पट्टी चेहऱ्यावर दाबून मुखवटा घडवतात, रोज तो लावून रुग्णाला टेबलावर निजवतात, आणि काही मिनिटांत काम होते. दुखत नाही, भाजत नाही, काही जाणवतही नाही. पहिला आठवडा असा सरला की घरच्यांना हायसे वाटते. दुसऱ्या आठवड्यात चव जाते, तोंड कोरडे पडते, लाळ घट्ट तारेसारखी होते. तिसऱ्यापासून फोड येतात, भाकरीचा तुकडा गिळवत नाही, मानेची कातडी काळवंडते. हा त्रास शेवटपर्यंत चढत जातो, आणि रेडिएशन संपल्यावरही आठ-पंधरा दिवस ओसरत नाही. मग हळूहळू फोड भरतात, चव परत येऊ लागते. लाळेला मात्र कित्येक महिने लागतात, आणि ती पूर्वीइतकी कधी न येण्याचीही शक्यता असते. हे सगळे पहिल्याच दिवशी, तारखांसह सांगितले गेले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात फोड येणार हे ज्याला माहीत आहे, तो फोड आल्यावर डॉक्टरांना विचारतो की आता काय लावू. ज्याला माहीत नाही, तो समजतो की आजार पसरला.

त्रास सोसण्याजोगा करता येतो, त्यासाठी काही गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात. किडलेले, हलणारे दात रेडिएशनच्या आधी काढून जखम भरू द्यायची. नंतर दात काढला तर जबड्याचे हाड कुजण्याचा धोका राहतो. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करायच्या. गुटख्याने आधीच आखडलेला जबडा आणखी आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करायचा. आणि वजन दर आठवड्याला करायचे, कारण वजन घटले की चेहरा उतरतो, मुखवटा सैल होतो, आणि किरण नेमके जिथे पडायला हवेत तिथे पडावेत म्हणून सगळी आखणी कधी कधी पुन्हा करावी लागते. इथेच आपले पथ्याचे खूळ आडवे येते. रुग्णाला नेमकी प्रथिने हवी असताना दूध बंद, अंडी बंद, मटण बंद, आणि पेज, साबुदाणा, मोसंबीचा रस एवढ्यावर माणूस ठेवला जातो. मोसंबीचा रस फोडांना झोंबतो ते वेगळेच. साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो, ही समजूत तर सुशिक्षित घरांतही घट्ट बसली आहे. प्रत्यक्षात उपाशी मरतो तो रुग्ण. मधुमेह नसेल तर गोड बंद करण्याचे कारण नाही, आणि गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालण्याला शेवटची घटका समजण्याचेही कारण नाही. ती नळी काही आठवड्यांची सोय असते, पुढे काढून टाकतात.

केमोथेरपीचा धोका आणखी वेगळा. औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करते, त्यात केसांची मुळे, आतड्याचे अस्तर आणि हाडांतला मगजही सापडतो. केस जातात आणि परत येतात. लोकांच्या डोळ्यांत तेच जास्त भरते, पण जिवाशी गाठ असते ती मगजाची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या दिवसांत १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो साधा ताप नव्हे. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट बघणे, गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेणे, यात लाखमोलाचे तास जातात. शिरेतून प्रतिजैविक लवकरात लवकर सुरू व्हावे लागते. हिंगोलीच्या बाजूच्या गावातून इथवर पोहोचायला अर्धा दिवस जातो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने घरात थर्मामीटर ठेवावा, आणि रात्री-अपरात्री ताप आला तर जवळच्या कुठल्या रुग्णालयात जायचे हे केमोच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. केमोची तारीख आणि औषधांची नावे लिहिलेला कागद सोबत असू द्यावा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही: उपचारानेच माणसे दगावतात. काही दगावतात, हे खरे आहे. म्हणूनच त्रासाच्या बदल्यात काय मिळते हे मोजून पाहावे लागते, आणि ते आपल्याकडेच मोजले गेले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गर्भाशयमुखाचा कॅन्सर बराच पुढे गेलेल्या ८५० स्त्रियांचा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना नुसते रेडिएशन, निम्म्यांना त्याच्यासोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन. केमो जोडल्याने त्रास वाढला. पण पाच वर्षांनी नुसत्या रेडिएशनच्या गटात शंभरांतल्या ४६ स्त्रिया जिवंत होत्या, केमो जोडलेल्या गटात ५४. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांत फुगवून सांगण्यासारखे काही नाही. शंभरांत आठ घरांमधली आई वाचते. हा फरक उपचार पुरा केला तरच मिळतो. अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या वाट्याला त्रास पूर्ण येतो आणि लाभ निसटतो.

दुसरा आक्षेप असा की मग झाडपाल्याचे औषध काय वाईट, त्याने निदान त्रास तरी होत नाही. झाडपाल्याशी आधुनिक वैद्यकाचे वैर नाही. अंगणातल्या सदाफुलीपासून निघालेले विनक्रिस्टीन आजही रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिले जाते, फक्त मोजलेल्या मात्रेत आणि पारखून. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्यांचा कॅन्सर अजून दूरवर पसरलेला नव्हता अशा, केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. बरे होण्याची वेळ हातात असताना ती गेली. तुकडा काढला की कॅन्सर उखळतो, हवा लागली की पसरतो, या भीतीनेही असेच महिने जातात. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर कोणता हेच कळत नाही, मग औषध कशावर द्यायचे?

तिसरा आक्षेप पैशांचा आणि पोटाचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होते. एसटी आणि रेल्वेत कॅन्सर रुग्णाला सवलत आहे. पण सात आठवडे शहरात राहायचे कुठे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते तिचे काय, हे प्रश्न योजनेच्या कार्डाने सुटत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमाराला निघावेच लागते. अशा बाईने उपचार सोडला तर तिला अडाणी म्हणणारा माणूस मला क्रूर वाटतो. उपाय आहे तो आधी विचारण्यात. उपचाराची तारीख ठरवताना पेरणी, तोडणी, लग्न, परीक्षा सगळे मांडून बोलावे. समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटावे, पैसे संपल्यावर नव्हे. आणि डॉक्टरांनीही गर्दीतली पाच मिनिटे या प्रश्नासाठी राखावीत.

घरच्यांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'त्यांना कळू देऊ नका' हा आपल्याकडचा मायेचा रिवाज मधल्या आठवड्यांत रुग्णाच्या मुळावर येतो. तोंड सोललेल्या माणसाला हे कशासाठी सोसायचे आणि किती दिवस, हेच माहीत नसेल तर तो सोसणार कशाच्या बळावर? शिवाय दाराशी कर्करोग रुग्णालयाची पाटी असताना लपवणे लपत नाही. रुग्णाला कळलेले असते, फक्त बोलायला माणूस उरत नाही. शरद पवारांनी २००४ मध्ये आपला तोंडाचा कॅन्सर लपवला नाही, आणि तंबाखूबद्दलचा पश्चात्तापही ते जाहीरपणे सांगत आले. आर. आर. पाटील त्याच आजाराने २०१५ मध्ये गेले. दोन्ही गोष्टी आपल्या लोकांना ठाऊक आहेत; तरी घरात तो शब्द उच्चारायचा नाही.

उपचार थांबवणे नेहमीच चूक असते असे माझे म्हणणे नाही. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल, केमोने मिळणाऱ्या महिन्यांपेक्षा त्रास मोठा असेल, तर रुग्णाशी बोलून ठरवून थांबणे योग्यच. पण ते ठरवलेले असावे; पुढच्या तारखेला गेलोच नाही, असे झालेले नसावे. म्हणून पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारावाच: हा उपचार बरे करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? बरे करण्यासाठी असेल तर एकही दिवस चुकवू नका. त्रास कमी करण्यासाठी असेल तर दुखण्यावरच्या औषधांचे आधी विचारा, गरज असेल तर मॉर्फिनच्या गोळीचेही. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला हे औषध मिळणे सोपे व्हावे यासाठी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, त्यावर रेचक सुरुवातीपासून द्यावे लागते; व्यसन लागेल या भीतीने ते नाकारून रात्ररात्र कण्हत काढण्याची गरज नाही.