कार्डावरची कपात : दुकानदार सभासदांनी समजून घ्यावयाची पट्टी



ऊस गाळपाला गेला की बिलाची पट्टी हातात येते. त्यात वजन, दर, सोसायटीची वसुली आणि इतर कपाती ओळीने मांडलेल्या असतात. आपण ती पट्टी दोनदा वाचतो. एक आकडा जुळला नाही तर गट कार्यालयात जाऊन विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. पण आपल्यापैकी ज्यांचे नागभीडच्या बाजारात कृषी केंद्र, किराणा, हार्डवेअर किंवा औषधाचे दुकान आहे, त्यांच्या दुकानात रोज आणखी एक कपात होते. ती पट्टी मात्र फारसे कोणी वाचत नाही. गिऱ्हाइकाने कार्ड यंत्राला लावले, कागद बाहेर आला, पैसे आले असे आपण समजतो. दुसऱ्या दिवशी खात्यावर जमा होते ती रक्कम थोडी कमी असते. हे "थोडे" म्हणजे किती, ते कोण घेते आणि कोणत्या नियमाने घेते, हे या पाठात पाहू.

१. कपात जाते कुठे?

कार्डाच्या व्यवहारात तुम्ही आणि गिऱ्हाईक सोडून आणखी तिघे असतात. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक हा पहिला. तुमच्या दुकानात यंत्र बसवणारी बँक हा दुसरा. या दोघींना जोडणारे जाळे हा तिसरा. रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड ही त्या जाळ्यांची नावे. रुपे हे आपल्या देशाचे जाळे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ते २०१२ साली सुरू केले.

बाजार समितीत धान नेला की आडत, हमाली, तोलाई असे वेगवेगळे वाटे निघतात. इथेही तसेच आहे. फरक एवढाच की तिघांचे वाटे एकाच नावाखाली कापले जातात. त्या एकत्र कपातीला मर्चंट डिस्काउंट रेट किंवा थोडक्यात एम.डी.आर. म्हणतात. यातला मोठा वाटा बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ही कपात दुकानदाराच्या पैशातून होते, गिऱ्हाइकाच्या नाही. हे पक्के लक्षात ठेवावे.

२. सगळी कार्डे सारखी नसतात

यंत्र एकच असले तरी कार्डागणिक कपात बदलते. पाच हजार रुपयांच्या एकाच विक्रीचा हिशोब चार प्रकारे मांडून पाहू. दुकानाची मागील आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, असे धरू.

(अ) गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यू.पी.आय. केले. कपात शून्य. जमा रु. ५,०००.

(आ) रुपे डेबिट कार्ड लावले. कपात शून्य. जमा रु. ५,०००. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यू.पी.आय. यांवर एम.डी.आर. घ्यायचा नाही, असे केंद्र सरकारने कायद्यानेच ठरवले आहे.

(इ) व्हिसा किंवा मास्टरकार्डचे डेबिट कार्ड लावले. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून १ जानेवारी २०१८ पासून याला कमाल मर्यादा घातली. २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहारावर रु. २०० च्या वर नाही. म्हणजे रु. २०. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. रु. ३.६०. एकूण कपात रु. २३.६०. जमा रु. ४,९७६.४०.

(ई) क्रेडिट कार्ड लावले. यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही. बँक आणि दुकानदार यांच्यात जो करार होईल तो दर. समजा दर २ टक्के ठरला. कपात रु. १००, जी.एस.टी. रु. १८, एकूण रु. ११८. जमा रु. ४,८८२.

माल तोच, किंमत तीच, पण हाती येणाऱ्या रकमेत ११८ रुपयांपर्यंत फरक पडतो. उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर (इ) मधला दर कमाल ०.९० टक्के होतो आणि एका व्यवहाराची मर्यादा रु. १,००० होते. म्हणून बँकेने आपल्याला कोणत्या गटात धरले आहे, हे विचारून घ्यावे. लहान दुकानाला मोठ्या गटात टाकले असेल तर वर्षभर दुप्पट कपात चालू राहते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जी.एस.टी.बद्दल आणखी एक गोष्ट. कार्डाचा एक व्यवहार रु. २,००० पर्यंतचा असेल तर बँकेच्या या सेवेवर जी.एस.टी. माफ आहे. त्या वरच्या व्यवहारावर लागतो. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला त्याची वजावट मिळू शकते. कंपोझिशनमध्ये असलेल्याला किंवा नोंदणी नसलेल्याला मिळत नाही.

३. टक्का विक्रीवर नको, नफ्यावर मोजा

"दोन टक्के म्हणजे काय मोठे?" असे पुष्कळ जण म्हणतात. मोठे आहे की नाही, हे मालावर अवलंबून आहे. युरियाचेच घ्या. ४५ किलोच्या गोणीची किंमत रु. २६६.५० सरकारने बांधून दिलेली. विक्रेत्यांचा मार्जिन एप्रिल २०१८ पासून टनाला रु. ३५४. म्हणजे गोणीमागे सोळा रुपयेसुद्धा पुरे नाहीत, आणि तेही घाऊकवाला व किरकोळवाला मिळून. आता चार गोण्यांचे रु. १,०६६ कोणी क्रेडिट कार्डाने दिले आणि दर २ टक्के असला, तर कपात रु. २१.३२. चार गोण्यांचा सगळा मार्जिन मिळून सुमारे रु. ६४. म्हणजे विक्रीच्या दोन टक्क्यांनी मार्जिनचा तिसरा हिस्सा नेला. छापील किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही, तेव्हा ही झळ दुकानदारालाच सोसावी लागते. हार्डवेअर किंवा कापडात मार्जिन बरा असतो, तिथे तीच कपात जड जात नाही.

(खताच्या दुकानात अंगठा लावायचे जे ई-पॉस यंत्र असते, ते अनुदानाच्या नोंदीचे आहे. त्याचा या कपातीशी संबंध नाही. दोन्ही यंत्रांची गल्लत करू नये.)

हा प्रश्न लहान दुकानदारापुरताच नाही. जानेवारी २०१७ मध्ये, नोटाबंदीनंतर कार्डाचा वापर वाढला असताना, काही बँकांनी पेट्रोल पंपचालकांना कळवले की आता कार्डाच्या विक्रीवर एक टक्क्यापर्यंत कपात करू. पंपचालकांचे कमिशन आधीच तोकडे. त्यांच्या संघटनेने देशभर कार्ड घेणे बंद करण्याचा इशारा दिला. बँकांना निर्णय थांबवावा लागला आणि हा भार गिऱ्हाइकावरही पडणार नाही, पंपचालकावरही पडणार नाही, असे सरकारने जाहीर केले. पंपचालकांना आपला मार्जिन लिटरमागे पैशात ठाऊक होता, म्हणून एक टक्क्याचा अर्थ त्यांना लगेच कळला. आपल्यालाही तो कळला पाहिजे.

४. कपात गिऱ्हाइकावर ढकलता येते का?

डेबिट कार्डावर नाही. "कार्डाने देता का? मग दोन टक्के जादा" असे म्हणणे चुकीचे आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये बँकांना बजावले आहे की दुकानदाराला असे करू देऊ नये. तक्रार झाली तर यंत्र काढून नेले जाऊ शकते. क्रेडिट कार्डाबाबत यंत्र घेताना ज्या करारावर आपण सही केली, त्यातले कलम वाचावे. आणि आपणच कुठे गिऱ्हाईक म्हणून गेलो आणि डेबिट कार्डावर जादा पैसे मागितले, तर पावती मागावी व आपल्या बँकेत लेखी तक्रार द्यावी.

५. शून्य कपातीतही खर्च असतो

यू.पी.आय.वर कपात नाही हे खरे. पण रक्कम बोलून दाखवणाऱ्या डबीचे महिन्याचे भाडे असते. कार्डाच्या यंत्राचेही भाडे असते, आणि काही करारांत महिन्याला अमुक विक्री झालीच पाहिजे अशी अट असते. पैसे त्याच दिवशी हवे असतील तर काही ठिकाणी वेगळी आकारणी होते. दिवसाला चार व्यवहार होणाऱ्या दुकानात भाडेच कपातीपेक्षा जड होऊ शकते.

यू.पी.आय.मध्येही दोन पोटप्रकार आहेत. रुपे क्रेडिट कार्ड यू.पी.आय.ला जोडून कोणी पैसे दिले तर लहान दुकानदाराला रु. २,००० पर्यंत कपात नाही, त्या वर लागू शकते. वॉलेटमधून आलेल्या रु. २,००० वरच्या रकमेवरही एप्रिल २०२३ पासून आकार आहे. कागदाचा तोच चौकोन, तोच आवाज, पण पट्टी वेगळी. घोडाझरी-ताडोबाकडे जाणारे नागपूरचे पर्यटक ज्यांच्या दुकानी थांबतात, त्यांनी इकडे अधिक लक्ष द्यावे. परदेशी कार्डावरचा दर तर बहुधा सगळ्यांत चढा असतो.

६. व्यवहार जपण्याचे नियम

गिऱ्हाइकाचा पिन विचारू नये, त्यानेच दाबावा. कार्डाचा क्रमांक वहीत किंवा मोबाईलवर लिहून ठेवू नये. नुसते टेकवून रु. ५,००० पर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही, म्हणून रक्कम दाबताना गिऱ्हाइकाला आकडा दाखवावा. यंत्राची पावती आणि आपले बिल जपून ठेवावे. "माल मिळाला नाही" किंवा "मी खरेदी केली नाही" अशी तक्रार गिऱ्हाइकाने बँकेकडे केली, तर तुमच्या खात्यातून ती रक्कम परत वळती होऊ शकते. मुदतीत कागद दाखवता आला तरच आपली बाजू टिकते.

७. बँकेला विचारायचे पाच प्रश्न

एक, माझे दुकान कोणत्या गटात धरले आहे? दोन, डेबिट, क्रेडिट, परदेशी कार्ड यांचे दर वेगवेगळे लिहून द्याल का? तीन, भाडे आणि किमान विक्रीची अट किती? चार, पैसे कोणत्या दिवशी जमा होतील? पाच, प्रत्येक व्यवहाराची कपात दाखवणारी पट्टी महिन्याला मिळेल का?

ही पट्टी मिळाली की एक महिना वहीत चार रकाने आखावेत : विक्री, कशाने दिली, कपात, त्या मालावरचा मार्जिन. महिनाअखेरीस बेरीज मारा. यंत्र ठेवावे की नुसत्या चौकोनावर भागवावे, दर कमी करून मागावा की बँक बदलावी, याचे उत्तर त्या बेरजेत असेल. कार्ड नाकारून गिऱ्हाईक घालवू नये, आणि हिशोब न बघता ते घेऊही नये. उसाच्या बिलाइतक्याच कसोशीने ही पट्टी वाचावी, एवढीच सर्व दुकानदार सभासदांना विनंती.