न्यूमोनियाला पाचच दिवस गोळ्या?

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे. मधुमेह आहे, पण दवाखान्यात कधी राहिलेले नाहीत. तरी न्यूमोनिया झालाच. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, त्याही पाचच दिवस. शेजारच्या काकांना मात्र दहा दिवस इंजेक्शनं चालू होती. आमचा कोर्स अर्धवट तर राहिला नाही ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताप उतरला असेल, श्वास, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन जागेवर असतील, तर नाही. कमीत कमी पाच दिवस आणि तोवर प्रकृती स्थिर, असाच हिशेब असतो. ‘जास्त दिवस घेतलेलं बरं’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे.

दवाखान्यात न जाताही हा आजार होतो, कारण न्यूमोकोकस हा मुख्य जंतू धडधाकट माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाका-घशात मुक्कामालाच असतो. फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोललं, विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने तिची सफाई बिघडवली, साखर वाढून पांढऱ्या पेशी मंदावल्या की तो खाली फुफ्फुसात उतरतो. दारू, दमा, हृदयविकार, पक्षाघातानंतर लागणारा ठसका हेही धोके आहेतच.

मधुमेहामुळेच सासऱ्यांना दोन गोळ्या. एरवी निरोगी माणसाला नुसतं अमॉक्सिसिलिन पुरतं. ते जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. पण न्यूमोनियाच्याच मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जंतूला भिंतच नसते, तिथे ते काय करणार? म्हणून साखर, हृदय, फुफ्फुस यांची तक्रार असलेल्यांना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन देतात.

मग काकांना इंजेक्शनं का? त्यांचे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण दाखल करायचं का, हे ठरवताना डॉक्टर पाच गोष्टी पाहतात : भ्रम, रक्तातला वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, घसरलेला रक्तदाब आणि वय ६५ किंवा पुढे. प्रत्येकी एक गुण. तीन झाले की सहसा दाखल. सासऱ्यांचा एक गुण वयानेच झालाय. वृद्धांना कधीकधी तापच येत नाही. ‘अण्णा आज काहीतरीच बोलतायत’ एवढंच लक्षण दिसतं. तेव्हा थांबू नका.

मेडिकलवाल्याकडून परस्पर लिव्होफ्लॉक्सासिन मात्र आणू नका. न्यूमोनियावर ते चालतं, पण क्षयाच्या जंतूलाही तात्पुरतं दाबतं. माणसाला बरं वाटतं, निदान लांबतं आणि क्षय आत वाढत राहतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यायलाच हवी.

खोकला आणि थकवा मात्र काही आठवडे रेंगाळतात, एक्स-रेवरचा डाग त्याहूनही सावकाश जातो. त्यासाठी गोळ्या वाढवून मिळत नसतात. पूर्ण बरे झाल्यावर न्यूमोकोकसची आणि दरवर्षी फ्लूची लस, हे डॉक्टरांशी बोलून ठेवा.