आवाज कोठे अडला?



घर दोन खोल्यांचे असले, की एका कोपऱ्यात ताईचा दहावीचा अभ्यास चालतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात आजोबांना चित्रपट पाहायचा असतो. आजोबांना कमी ऐकू येते, म्हणून त्यांना आवाज मोठा लागतो. आणि आवाज मोठा झाला, की ताईचे लक्ष उडते. या तंट्यावर बिनतारी हेडफोन हा चांगला तोडगा आहे. दूरचित्रवाणी संचाला लहानसा मीडिया प्लेअर जोडावा, त्याला ब्लूटूथने हेडफोन जोडावा, म्हणजे आजोबांचा चित्रपटही होतो आणि ताईचा अभ्यासही!

पण पुष्कळदा असे घडते, की पडद्यावर 'जोडणी झाली' असे लिहून येते, चित्र सुरू होते, आणि हेडफोन मात्र मुका राहतो. कधी आवाज तुटक येतो, कधी टेलिफोनसारखा बारीक, तर कधी ओठ हलून गेल्यावर उशिरा. मग घरातला प्रत्येक जण दिसेल ते बटण दाबू लागतो, आणि शेवटी 'हेडफोन बिघडला' असा निकाल देऊन तो अडगळीत टाकला जातो. वास्तविक अनेकदा त्या हेडफोनचा काहीच दोष नसतो.

विहिरीचे पाणी बागेत पोहोचत नसेल, तर शेतकरी काय करतो? तो विहीर नव्याने खणत नाही. पाटाच्या कडेने चालत जाऊन पाणी कोठपर्यंत आले आहे, हे तो पाहतो. आपणही आवाजाच्या पाटाच्या कडेने चालू या.

आवाजाची पाच ठाणी

उदाहरणासाठी आपण 'कोडी' हा प्रोग्राम घेऊ. पूर्वी तो एक्सबीएमसी या नावाने ओळखला जाई. २०१४ साली त्याला कोडी हे नाव मिळाले. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर तो घालून अनेक जण घरीच मीडिया प्लेअर तयार करतात. चित्रपटाच्या फाइलमधला आवाज कानापर्यंत येताना पुढील पाच ठाणी ओलांडतो :

१. प्लेअर फाइल वाचतो आणि त्यात साठवलेला आवाज उलगडतो.
२. हा आवाज कोणत्या वाटेने बाहेर पाठवायचा, हे प्लेअर ठरवतो.
३. ब्लूटूथच्या अरुंद वाटेत मावावा म्हणून आवाज पुन्हा आवळला जातो.
४. आवळलेला आवाज रेडिओ तरंगांवर बसून हवेतून जातो.
५. हेडफोन तो पकडतो, थोडा साठवतो, उलगडतो आणि ऐकवतो.

तपासणीचे दोन नियम लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर काय झाले ते वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर तो कशामुळे आला हे कधीच कळणार नाही. आणखी एक सूचना : शोध चालू असताना आवाज कमी ठेवा आणि हेडफोन कानापासून दूर धरा. अडलेला आवाज अचानक सुटला, तर कानाला इजा होऊ शकते.

हेडफोन अगदीच मुका असेल तर

प्रथम तोच हेडफोन एखाद्या मोबाइल फोनला जोडून गाणे लावा. गाणे ऐकू आले, तर पाचवे ठाणे ठीक आहे. नंतर तोच चित्रपट दूरचित्रवाणी संचाच्या स्वतःच्या स्पीकरवर लावा. तेथे आवाज आला, तर फाइलही ठीक आहे. दोनच परीक्षांनी आपण पाटाची दोन्ही टोके तपासली! दोष आता मधल्या भागात आहे.

परीक्षा झाल्यावर फोनचे ब्लूटूथ बंद करायला विसरू नका. हेडफोन सुरू झाला, की तो सहसा शेवटच्या ओळखीच्या यंत्राशी आपण होऊन नाते जोडतो. शेजारच्या खोलीतल्या फोनने त्याला आधीच धरून ठेवले असेल, तर प्लेअरच्या वाट्याला तो येत नाही. दोन्हीकडची जुनी ओळख पुसून नव्याने जोडणी केल्यासही काही वेळा काम होते.

सर्वांत जास्त फसवणारे ठाणे दुसरे आहे. हेडफोनची जोडणी होणे आणि आवाज त्या वाटेने जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा रूळ टाकला म्हणून गाडी आपोआप त्यावरून जात नाही. त्यासाठी सांधे बदलावे लागतात. कोडीच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, त्यात ऑडिओ आणि त्यात 'ऑडिओ आउटपुट डिव्हाइस' असा पर्याय असतो. तेथे संचाकडे जाणारी एचडीएमआयची वाट निवडलेली असेल, तर हेडफोन जोडलेला असूनही मुकाच राहील. म्हणून आधी हेडफोन जोडावा आणि मग या यादीतून ब्लूटूथची वाट निवडावी.

आता एक मजेदार लक्षण पाहा. गाण्याच्या फाइली हेडफोनवर वाजतात, पण काही चित्रपट मुके राहतात. असे का व्हावे? पुष्कळ चित्रपटांचा आवाज डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींनी बांधलेला असतो. 'पासथ्रू' हा पर्याय चालू असेल, तर प्लेअर ते गाठोडे न सोडता तसेच पुढे पाठवतो. कारण पुढे ते सोडणारा ॲम्प्लिफायर आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. साध्या ब्लूटूथ हेडफोनला ही गाठ सोडता येत नाही. अशा वेळी पासथ्रू बंद करावे आणि ध्वनिमार्गांची संख्या २.० ठेवावी. पाच स्पीकरांसाठी केलेल्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. हा मधला मार्ग डाव्या-उजव्या मार्गांत मिसळला गेला नाही, तर संगीत ऐकू येते आणि संवाद मात्र हरवतात.

आवाज टेलिफोनसारखा येत असेल तर

सीडीवरचा आवाज दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजमापास १६ बिट लागतात आणि डावा व उजवा असे दोन मार्ग असतात. गुणाकार करा : ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट, आणि तेही एका सेकंदाला! ब्लूटूथचा मूळ वेग सेकंदास १० लाख बिट एवढाच होता. म्हणून आवाज आवळावा लागतो. एसबीसी या सर्वसामान्य पद्धतीत चांगल्या दर्जासाठी तो सेकंदास सुमारे ३,२८,००० बिटांवर, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही खाली आणतात. कानाला ज्याचा फारसा फरक पडत नाही, ते बारकावे यात गाळले जातात.

पण ज्या हेडफोनला मायक्रोफोन असतो, त्याला दुसरीही एक कामाची रीत ठाऊक असते : फोनवर बोलण्याची. या रीतीच्या जुन्या प्रकारात आवाज सेकंदास फक्त ८,००० वेळा मोजतात, त्यामुळे ४,००० हर्ट्‌झहून अधिक कंप्रतेचे स्वर त्यात उमटूच शकत नाहीत. डावे-उजवेही उरत नाही. बोलणे समजते, पण झांजा आणि बासरी निस्तेज होतात. प्लेअरने चुकून ही रीत धरली असेल, तर ब्लूटूथच्या पर्यायांत जाऊन संगीताची रीत निवडावी. तिचे नाव ए-टू-डीपी असे आहे.

आवाज तुटत असेल तर

आता चौथे ठाणे. ब्लूटूथ २,४०२ ते २,४८० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात काम करते. या तरंगांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. याच पट्ट्यात पुष्कळ वायफाय यंत्रे बोलतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही येथेच गोंगाट करते. या बाजारात आपले बोलणे पोहोचावे म्हणून ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. संगीतासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रकारात ७९ मार्ग असतात, आणि सेकंदाला १,६०० वेळांपर्यंत एका मार्गावरून दुसऱ्यावर उडी मारली जाते. कोणत्या क्रमाने उडायचे हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असते. एका मार्गावर गोंगाट असला, तरी पुढची उडी मोकळ्या मार्गावर पडते.

उड्या मारण्याची ही कल्पना ब्लूटूथच्या बरीच आधीची आहे. पाणतीराला रेडिओने दिलेल्या आज्ञा शत्रूला अडवता येऊ नयेत, म्हणून चित्रपट-अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी अशी योजना आखली, आणि १९४२ साली त्यांना तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोके पाडलेल्या कागदी पट्ट्यांवरून त्यांनी ती योजली होती.

आवाज तुटत असेल, तर वायफाय ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर न्यावे. प्लेअर लोखंडी कपाटातून किंवा संचाच्या पाठीमागून काढून मोकळ्यावर ठेवावा. त्याला यूएसबी ३ प्रकारची तबकडी जोडलेली असेल, तर ती लांब वायरने दूर ठेवून पाहावी. अशा जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली मोजून दाखवले आहे.

आवाज उशिरा येत असेल तर

आवळणे, पाठवणे, साठवणे आणि उलगडणे या प्रत्येकास वेळ लागतो. साठवणे तर मुद्दामच करतात, म्हणजे एखादी उडी फुकट गेली तरी आवाज तुटत नाही. त्यामुळे एकंदर उशीर पुष्कळदा ०.१ ते ०.३ सेकंद होतो.

०.२ सेकंद म्हणजे किती? हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ०.२ सेकंदात ६८ मीटर. मैदानात सीमारेषेबाहेर बसून पाहताना बॅटचा फटका आधी दिसतो आणि 'टक्' असा आवाज मागाहून येतो, तेवढाच हा उशीर! दूरच्या गोष्टींचा आवाज मागाहून येण्याची आपल्याला सवय असते. म्हणूनच आवाज आधी आला तर ०.०४५ सेकंदाचा फरकही जाणवतो, पण उशिरा आला तर तो सुमारे ०.१२५ सेकंद होईपर्यंत लक्षात येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हे आकडे दिले आहेत.

आजोबांच्या दृष्टीने हा दोष सर्वांत त्रासदायक आहे. कमी ऐकू येणारी माणसे बोलणाऱ्याचे ओठ पाहून शब्द ओळखतात. खरे तर आपण सारेच हे करतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज 'बा' असा आणि ओठांची हालचाल 'गा' अशी एकत्र दाखवली, तर अनेकांना 'दा' असे ऐकू आले! डोळे कानाला मदत करतात. पण ओठ आणि आवाज यांची फारकत झाली, की ही मदत तुटते.

यावर उपाय आहे. चित्रपट सुरू असताना कोडीच्या ऑडिओच्या पर्यायांत 'ऑडिओ ऑफसेट' असतो. त्याने आवाज चित्राच्या पुढे किंवा मागे सरकवता येतो. संपूर्ण फाइल हाताशी असल्याने प्लेअर आवाज चित्राच्या थोडा आधी पाठवू शकतो. खेळांमध्ये मात्र असे करता येत नाही. तुम्ही बटण कधी दाबाल, हे यंत्राला आधी कसे कळणार?

करून पाहा

१. मोबाइलवर एका टाळीचे चित्रण करून ते प्लेअरवर लावा. टाळी आणि आवाज जुळेपर्यंत ऑफसेट थोडा थोडा बदला. आलेल्या सेकंदांना ३४० ने गुणा. तुमचा हेडफोन किती मीटर 'दूर' आहे?

२. हेडफोन घालून प्लेअरपासून आठ-दहा मीटर दूर जा आणि हळूहळू स्वतःभोवती फिरा. आवाज कोणत्या स्थितीत तुटतो? आपल्या शरीरात पाणी भरपूर असते आणि ते हे तरंग शोषून घेते, हे ध्यानात घेऊन कारण शोधा.

३. पाच ठाण्यांची यादी वहीत लिहा, आणि प्रत्येक ठाणे तपासण्याची एकेक परीक्षा त्यापुढे मांडा. पुढच्या वेळी घरात कोणी 'हेडफोन बिघडला' असे म्हणाले, की आधी ही वही काढा.