सत्याचे सहकारी

रविवारचा पाठ
वाचन: योहानाचे तिसरे पत्र (संपूर्ण), १ करिंथ ९:१-१८, फिलिप्पै ४:१०-२०



पैशाविषयी बोलायचे म्हटले की वेदीवर उभ्या असलेल्या माणसाची जीभ अडखळते. फादर पैसे मागतात हे कोणाला ऐकायला आवडत नाही आणि फादरलाही ते बोलायला आवडत नाही. म्हणून बरीच वर्षे मी हा विषय टाळत आलो. आज लिहितो आहे, कारण प्रश्न माझ्या जेवणाखाण्याचा नाही. मी एकटा माणूस, माझी व्यवस्था होते आणि तुम्ही मला कधी काही कमी पडू दिलेले नाही. प्रश्न आहे तो एस.टी.ने गावोगावी जाऊन प्रार्थना घेणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या प्रचारकाचा आणि त्याच्या घरच्यांचा.

एक लहानसे पत्र

नव्या करारात योहानाचे तिसरे पत्र इतके लहान आहे की एका पानावर मावते. ते गायस नावाच्या एका श्रद्धावंताला लिहिलेले आहे. त्या काळी शुभवार्ता सांगणारे बंधू पायी गावोगाव फिरत. परक्या लोकांकडून ते काही घेत नसत. गायसने अशा अनोळखी बंधूंना घरात घेतले, त्यांची सोय केली. पत्रलेखक त्याची स्तुती करतो आणि पुढच्या प्रवासासाठीही त्यांना देवाला शोभेल अशा रीतीने वाटेस लावावे, असे सांगतो. त्याच मंडळीत दियत्रफेस नावाचा दुसरा एक माणूस होता. त्याला पुढेपुढे करण्याची हौस. तो या बंधूंना स्वीकारीत नसे आणि जे स्वीकारीत त्यांनाही मंडळीबाहेर घालवीत असे.

या पत्रातील आठवे वचन आजच्या पाठाचा गाभा आहे. अशा माणसांना आधार दिल्याने आपण सत्याचे सहकारी होतो, असा त्याचा आशय आहे. गायसने प्रवचन केल्याचे पत्रात कुठे म्हटलेले नाही. त्याने दार उघडले, ताट वाढले, वाटखर्चाची सोय पाहिली. तरीही तो सहकारी ठरला.

भीक, मजुरी आणि वाटा

देण्याचे तीन प्रकार असतात. पहिला भिकेचा. त्यात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दुसरा मजुरीचा. काम झाले, पैसे दिले, व्यवहार संपला. उद्या तोंडओळखही राहिली नाही तरी चालते. तिसरा प्रकार वाट्याचा. दोघे मिळून एकच काम करतात. एक हाताने, एक आधाराने.

आपल्या भागात जुन्या काळी खळ्यावर बलुतेदारांना धान्याचा वाटा मिळे. नावाला तो वाटा होता, पण त्यात मान नव्हता. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी तो अपमान सोसलेला आहे. म्हणून मी म्हणतो तो वाटा वेगळा. फिलिप्पैकरांनी तुरुंगात असलेल्या पौलाला एपफ्रदीताच्या हाती मदत पाठविली, तेव्हा पौलाने आभार मानताना देण्याघेण्यातील भागीदारीचे शब्द वापरले. मला देणगीची हाव नाही, तुमच्या खात्यावर फळ जमा व्हावे अशी माझी इच्छा आहे, या अर्थाचे तो लिहितो. ही भाषा भागीदारांची आहे.

या भागीदारीचे उदाहरण पाहायला लांब जायला नको. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केले. त्याच्या इमारतीसाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातले उद्योजक जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला. शस्त्रक्रिया वानलेस यांनी केल्या, पण सांगली-मिरजेच्या ज्या रोग्याला त्या छपराखाली दृष्टी मिळाली, त्याच्या सुखात कॉन्व्हर्स यांचाही वाटा होता. तेव्हा आपला भार दूरच्यांनी वाहिला. आता तो आपण वाहायचा आहे.

हक्क आणि हक्काचा त्याग

१ करिंथच्या नवव्या अध्यायात पौल एखाद्या वकिलासारखा बोलतो. शिपाई स्वतःच्या खर्चाने लढतो काय? द्राक्षमळा लावणारा त्याचे फळ खात नाही काय? मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नये, हा मोशेचा नियमही तो पुढे ठेवतो. शुभवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका तिच्यावरच व्हावी, असे प्रभूनेच ठरविले आहे, येथपर्यंत तो येतो. आणि इतके सगळे सिद्ध केल्यावर म्हणतो, मी मात्र हा हक्क वापरला नाही! करिंथमध्ये तो तंबू शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३).

येथे आपली एक चूक होते. पौलाने हक्क सोडला, म्हणून सेवकाने काही मागू नये, असा अर्थ आपण काढतो. पण सोडण्यासाठी आधी हक्क असावा लागतो. तो सोडायचा की नाही हे पौलाने ठरविले. करिंथकरांनी त्याच्या वतीने ठरविले नाही. त्याग सेवकाने करायचा असतो. मंडळीने करायचा असतो तो पुरवठा. सेवकाच्या त्यागावर मंडळीने आपली काटकसर भागवली, तर तो त्याग राहत नाही, ते शोषण होते.

साताऱ्यातील एक घर

ही गोष्ट नुसती ग्रंथातली नाही. आपल्या साताऱ्याने ती पाहिलेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या या कवीचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले, ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळला. ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण त्यांची भजने आज मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर आहेत.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात येऊन ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे काम हाती घेतले. पगारी नोकराच्या तोंडून आलेल्या शुभवार्तेकडे लोक संशयाने पाहतात, ख्रिस्त या मातीतल्या माणसाला आपला वाटला पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. पौलाने करिंथमध्ये केले तेच त्यांनी येथे केले. पुढे दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांचा त्याग थोर होता यात शंका नाही. पण त्या घरात आणखी एक व्यक्ती होती, लक्ष्मीबाई. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, समोर गरजू दिसला की ते देऊन मोकळे होत, आणि मग संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी हसतखेळत सांगितले आहे. वाचताना आपणही हसतो. पुस्तक मिटल्यावर मात्र मनात येते, संन्यास एकाने घेतला तरी चूल दोघांची होती. अशा माणसाच्या घरात उद्याचे पीठ आहे का, हे पाहण्याचे काम कोणाचे? ते काम शेजारच्या श्रद्धावंताचे आहे. त्या काळच्या कोणाला मी दोष देत नाही. मी प्रश्न आपल्याला विचारतो आहे.

माझी एक चूक

दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःचे सांगतो. धर्मगुरू झाल्यावर सुरुवातीच्या काळात मी ज्या ठिकाणी होतो, तेथे एक वयस्क प्रचारक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या वर्षी सणासाठी आम्ही मोठा मंडप घातला, रोषणाई केली, बँड आणला. आधी सणाची बिले भागवू, मग बाकीचे पाहू, असे ठरले. त्या ‘बाकीच्या’त मास्तरांचे मानधन होते. हिशेबाच्या वहीवर सही माझी होती. मास्तर काही बोलले नाहीत. रोज हसून नमस्कार करीत. मी इतरांना सांगत असे, आमचे मास्तर समाधानी आहेत हो, कधी तक्रार नाही.

एके दिवशी त्यांच्या पत्नी आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत या म्हटले तरी येईनात. खाली बघत म्हणाल्या, “फादर, मास्तरांना सांगू नका मी आले होते. मुलीची फी भरायची आहे आणि दुकानदार आता उधार देत नाही.”

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो होतो, न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, ही व्याख्या मला पाठ होती. पण ती व्याख्या मला खरी कळली ती त्या दाराशी. मास्तरांच्या मौनाला मी समाधान समजलो होतो. तेव्हापासून न मागणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

पारखही हवी

कोणी म्हणेल, फादर, ख्रिस्ताच्या नावावर पैसे गोळा करणारेही पुष्कळ फिरतात. खरे आहे. ‘प्रेषितांची शिकवण’ किंवा ‘डिडाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती ग्रंथात यावर साधे नियम सापडतात. फिरता प्रेषित आला तर त्याचे स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन दिवस; तीन दिवस मुक्काम ठोकला तर तो खोटा समजा. निघताना त्याने वाटेपुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. मात्र त्याने दुसऱ्या गरजूसाठी मागितले, तर त्याला दोष देऊ नका. जो खरा आहे आणि तुमच्यात राहू इच्छितो, त्याला द्राक्षकुंडाचे, खळ्याचे, गुराढोरांचे प्रथमफळ द्या. आणि असा कोणी तुमच्याकडे नसेल, तर ते गरिबांना द्या.

पाहा, पारख आणि औदार्य एकाच पानावर आहेत. खोट्याच्या भीतीने खऱ्याला उपाशी ठेवा, असे तो ग्रंथ म्हणत नाही.

ख्रिस्तसभा काय सांगते

श्रद्धावंताने आपल्या ऐपतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या गरजा भागवाव्यात, ही ख्रिस्तसभेच्या आज्ञांपैकी एक आहे (कॅथोलिक धर्मशिक्षण, क्र. २०४३). १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूंच्या निर्वाहाविषयी नियम २८१ आहे. नियम २३१ फारसा कोणाला माहीत नसतो. ख्रिस्तसभेच्या सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकांना, स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा नीट भागतील असे मानधन मिळण्याचा हक्क आहे, असे तो सांगतो. ‘कुटुंब’ हा शब्द लक्षात ठेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही मिशनकार्यावरील आदेशात प्रचारकांना न्याय्य मोबदला व सामाजिक सुरक्षा मिळावी, असे म्हटले आहे.

मिस्सासाठी आपण जे अर्पण देतो ती मिस्साची किंमत नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी हे सातशे वर्षांपूर्वीच स्पष्ट केले. ते सेवकाच्या निर्वाहासाठी असते. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याच्यासाठीही मिस्सा अर्पण करावा, असे धर्मसंहिता धर्मगुरूंना आग्रहाने सांगते (नियम ९४५). तेव्हा पैसे नाहीत म्हणून कोणी संकोच करू नये.

देणाऱ्याला हिशेब विचारण्याचाही अधिकार आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी (नियम ५३७) आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा (नियम १२८७). पौलानेही वर्गणी नेताना मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१).

आपण काय करायचे

माझी तुम्हाला तीन गोष्टींची विनंती आहे. एक, येत्या वार्षिक सभेत खर्चाचा अंदाज मांडताना प्रचारकाचे मानधन पहिल्या ओळीत लिहू, सणाचा मंडप त्यानंतर. दोन, दर महिन्याला ठरावीक रक्कम, मग ती कितीही लहान असो, पाकिटात घालून द्या. सणाला एकदम दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा येणाऱ्या लहान रकमेने दुकानदाराची उधारी लवकर फिटते. तीन, ज्याला पैसे देणे शक्य नाही त्याने गायससारखे दार उघडावे. प्रार्थनेसाठी आलेल्या माणसाला जेवू घाला, त्याच्या मुलांची चौकशी करा, परतीची एस.टी. मिळेपर्यंत सोबत थांबा.

आणि कधीतरी त्याच्या पत्नीला विचारा, ताई, घरी सगळे ठीक आहे ना? उत्तर ऐकायला थोडे थांबा.

घरी चर्चेसाठी

१. मला प्रार्थना शिकविणारी पहिली व्यक्ती कोण? तिच्यासाठी मी कधी काही केले का?
२. माझ्यात गायस किती आणि दियत्रफेस किती?
३. आपल्या धर्मग्रामात न मागणारे कोण आहेत?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू शिष्यांना झोळीवाचून पाठविलेस, कारण वाटेवरच्या घरांवर तुझा विश्वास होता. आमची घरे त्या विश्वासाला पात्र कर. तुझ्या सेवकांच्या त्यागावर आम्ही आमचा हात आखडता घेतला असेल तर क्षमा कर, आणि त्यांच्या घरची चूल हीही तुझ्या वेदीइतकीच आमची जबाबदारी आहे, हे आम्हाला शिकव. आमेन.

तुमचा,
फादर